माझी सोलणी

३ जानेवारी

चोरलं! माझं यंत्र चोरलं! आणि चोर कोण — तर खालच्या मजल्यावर राहणारा, रोज माझ्या हातचं जेवणारा, 'वहिनी, वहिनी' करत मागे फिरणारा माझा सख्खा दीर!

पेन कागद फाडतंय. तरी नीट लिहिते. रागात खरडलेलं नंतर वाचता येत नाही, आणि मला हे वाचायचं आहे. पुन्हा पुन्हा वाचायचं आहे.

दुपारी भाऊजींचा डबा द्यायला मागच्या गल्लीत आमच्या वायरकामाच्या शेडवर गेले. नेहमी पुढच्या दाराने जाते, आज मागचं उघडं दिसलं म्हणून तिकडून शिरले. शेडवरचा लेथवाला मला बघून असा दचकला की हातातला पाना स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. मग दोन्ही हात पसरून उभा. मागे काहीतरी लपवतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी काय काल जन्मले? "सरका," म्हटलं. सरकला. मागे माझी सोलणी!

म्हणजे माझी नव्हे. तिची जुळी बहीण. हिरवा चकचकीत रंग, नवी मोटर, कोपऱ्यांना गोलाई. आणि तिच्यामागे भिंतीला ओळीने आणखी सांगाडे, रंगाची वाट बघत बसलेले.

लग्न होऊन आले तेव्हा मीसुद्धा या शेडवर बसायचे, बाकीच्या बायकांबरोबर. डाव्या हातात वायर, उजव्या हातात पातं. वायर अंगठ्यावर टेकवायची, पातं गोल फिरवायचं, वरचं प्लास्टिक ओढून काढायचं. दिवसभर हेच. सोललेल्या वायरींच्या जुड्या बांधून पाण्याचे पंप बनवणाऱ्या पंपवाल्याला द्यायच्या. सगळ्या बायकांच्या अंगठ्यांवर रेघा. माझ्या अजून गेल्या नाहीत. त्या रेघांनी मला सोलणी सुचवली. रीळ अडकवलं की वायर आपोआप पुढे सरकते, मापात कापली जाते, दोन्ही टोकं सोलून टोपलीत पडते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवली मी ती. एका बाजूला भाजी चिरायची, दुसऱ्या बाजूला कानस चालवायची. भाजीत लोखंडाचा कीस लागतो म्हणून काय काय टोमणे खाल्ले! भाऊजी तर पाहुण्यांना सांगायचे, "वहिनींचं खेळणं बघितलंत का?"

आता खेळणं गोड लागलं!

ऑक्टोबरात आई आजारी पडली म्हणून मी माहेरी गेले. सोलणी तेव्हा शेडवर चाचणीला ठेवली होती. बजावून गेले होते — काम अपुरं आहे, हात लावायचा नाही. परत आले तर यंत्र जागच्या जागी, फक्त एक स्क्रू नवाकोरा. उंदीर काही स्क्रू बदलत नाहीत, एवढंही डोक्यात आलं नाही माझ्या. बोल्ट न् बोल्ट खोलून मापं घेतली मेल्यांनी!

भाऊजी आले. चेहरा पडलेला. "वहिनी, तुम्हाला सांगणारच होतो. मार्चमध्ये प्रदर्शन आहे."

"कुणाच्या नावाने?"

"म्हणजे... आपल्या शेडच्या."

आपल्या! शेडच्या! शेडला काय हात आहेत? शेड बसली होती का रात्रंदिवस कानस घासत?

डबा टेबलावर आपटून आले. झाकण उडालं असेल. उडू दे.

४ जानेवारी

ह्यांना सांगितलं. म्हणजे चोराच्या सख्ख्या मोठ्या भावाला. शेडचं भांडार सांभाळतात, सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ह्यांच्या कमरेला, तरी ह्यांना काही ठाऊक नव्हतं म्हणे! किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवला. मग, "आपलेच दात, आपलेच ओठ."

मग चहा प्यायले. आवाज करत.

५ जानेवारी

भाऊजींचा डबा बंद. जाऊ करेल की. तिच्या हातची डाळ खाल्ली की आपोआप प्रायश्चित्त.

९ जानेवारी

पेपरात फोटो! एक बातमीदार येऊन गेला म्हणे परवा. मला पत्ता नाही. भाऊजी सोलणीवर कोपर टेकवून उभे आहेत, शिकार केलेल्या वाघावर पाय ठेवावा तसे. खाली लिहिलंय — 'वायर सोलण्याचं काम आता यंत्र करणार. हाताला इजा नाही.' हाताला इजा! स्वतः कधी पातं धरलंय का हातात? दाढीसुद्धा न्हाव्याकडून करून घेतात. आणि 'आमच्या संशोधनातून'. आमच्या!

माझं नाव कुठेच नाही. भिंग घेऊन वाचलं. कोपऱ्यातही नाही.

मला पैसा नको. रंगही त्यांचाच असू दे, मोटरही त्यांचीच. एवढंच हवं होतं की कुणीतरी विचारावं, 'हे कुणी बनवलं?' आणि कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवावं. एवढंसुद्धा देववलं नाही यांना.

आता सूड. लिहूनच ठेवते. सूड घेणार. कसा ते माहीत नाही, पण या माणसाला मी चारचौघांत तोंडावर पाडणार. घरात नाही. घरात रडतील, पाया पडतील, ह्यांना पाझर फुटेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'वहिनी, भाजी फक्कड झालीय.' ते नको. चारचौघांत!

११ जानेवारी

सुचलेले उपाय —

मोटरच्या वायरी उलट्या जोडणे. (लेथवाला दोन मिनिटांत सरळ करेल.)

पंपवाल्याला जाऊन सांगणे. (तो म्हणेल, घरचं भांडण घरी मिटवा.)

चहात जुलाबाचं औषध. (मोह होतोय. पण चहा सगळ्यांचा एकाच किटलीतला.)

१६ जानेवारी

देव आहे! देव आहे आणि त्याला यंत्रांतलं कळतं!

आज सगळे कुठल्याशा लग्नाला गेले होते. माझं डोकं दुखत होतं — दुखत नव्हतं. शेडची किल्ली ह्यांच्या शर्टातून काढली आणि गेले. म्हटलं, एकदा नीट बघू तरी, काय आणि कसं उचललंय ते. हिरव्या बयेची बाजू उघडली. रोलर माझे. पात्यांचा कोन माझा. पायाने दाबायची पायपट्टी माझी, तीसुद्धा शिवणयंत्राच्या मापाची, कारण मी जुन्या शिवणयंत्राची घेतली होती! त्यांना काय गरज होती शिवणयंत्राची? पण नाही, मापाला माप.

आणि मग पात्यांच्या मागे बघितलं. खाच रिकामी!

मी तिथेच जमिनीवर बसले आणि तोंडावर पदर दाबून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या खाचेत एक पट्टी असते. नखाएवढी, पोलादाची, घड्याळाच्या स्प्रिंगमधून कापलेली. यंत्राचा जीव आहे ती. दोन पाती वायरीवर मिटतात, प्लास्टिक कापतात. त्यानंतर लगेच ओढलं तर पाती आतल्या तांब्याच्या तारांनाही चावतात. म्हणून ओढण्याआधी पात्यांनी केसभर मागे व्हायला हवं. चावायचं, श्वास सोडायचा, मग ओढायचं. तो श्वास म्हणजे ती पट्टी. ती सापडेपर्यंत मी किती वायर वाया घालवली ते माझं मला माहीत. ऑक्टोबरात जुनी पट्टी नरम पडली होती, म्हणून काढून माहेरी नेली. तिथल्या घड्याळजीकडे चांगलं पोलाद मिळतं, त्यातून नवी करून आणली. आणि नेमकी त्याच दिवसांत यांनी चोरी केली! लेथवाल्याला रिकामी खाच दिसली, त्याने रिकाम्या खाचेचीही नक्कल केली. वर शोभेला झाकण लावलं! नकलेलाही अक्कल लागते म्हणतात, ते हे.

एक वायर सोलून बघितली. वरून काय देखणी! पण उघड्या तारांवर नख फिरवलं की अडकतं. माझी ही रीतच आहे — डोळा फसतो, नख फसत नाही. प्रत्येक तारेला बारीक चीर. अशी वायर पंपात बसवली की काही दिवस उत्तम. मग पंपाच्या हादऱ्याने एकेक तार तुटते, उरलेल्या तापतात, आणि एक दिवस पंप बंद.

सांगणार नाही. कुणालाही नाही. प्रदर्शनात सगळे खरेदीदार असतील. पंपवाला असेल, पेपरवाले असतील. तिथे मी नख फिरवायला सांगेन. आणि मग पर्समधून पट्टी काढून दाखवेन — ही बघा, हिच्याशिवाय तुमचं यंत्र म्हणजे सुपारीचा अडकित्ता. ही जिची, यंत्र तिचं!

बाजू बंद केली. किल्ली शर्टात ठेवली. आज जेवण गोड लागलं.

१७ जानेवारी

भाऊजींचा डबा पुन्हा सुरू केला. ह्यांना वाटलं राग निवळला. "मोठ्या मनाची आहेस," म्हणाले.

हो. खूप मोठ्या.

२८ जानेवारी

आज तर कहरच. भाऊजी स्वतः वर आले, चपला बाहेर काढून, दारात अवघडून उभे. "वहिनी, यंत्र जरा चालवून बघाल का? काही राहिलं असेल तर सांगा. तुमच्या हाताखालून गेलं की मला धीर येईल."

आता धीर हवा! चोरताना कुणाचा धीर घेतला होता?

गेले. सगळ्यांसमोर चालवलं. वायर सरसर निघाली, टोपली भरली. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेतल्या पोराने निकालाकडे बघावं तसे. मी एक टोक उचललं. मुद्दाम नख लावलं नाही.

"छान आहे," म्हटलं.

"काहीच नाही ना राहिलं?"

"काही नाही."

ते इतके खूश झाले की लेथवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "वहिनींनी पास केलं!"

मला जरा कसंसंच झालं, खोटं कशाला लिहू. पण फोटो आठवला. तो कोपर आठवला. बरं वाटलं.

१ फेब्रुवारी

हिरवी बया शेडवर रोजच्या कामाला लागली. चालवायला मावशीला बसवलंय. मावशी म्हणजे शेडवरची सगळ्यात जुनी बाई, मला पातं धरायला तिनेच शिकवलं. तिच्या अंगठ्याला तर आता कातडं कमी आणि घट्टे जास्त. आज मला म्हणाली, "बाई, म्हातारपणी सुख आलं गं. नुसतं पायाने दाबायचं!"

१४ फेब्रुवारी

जाऊ वर आली होती. उगाच. वाटी परत द्यायचं निमित्त. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणते, "ताई, तुम्ही माहेरचं आडनाव अजून लावता का हो?"

"सही करताना लावते. का?"

"असंच." आणि लाजली. लाजण्यासारखं काय होतं त्यात?

मला कळलं. घराच्या वाटणीचे कागद करताहेत. यंत्र झालं, आता खोल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही!

ह्यांना विचारलं, तुमचा भाऊ कसले कागद करतोय? तर हे चक्क हसले. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "तुला काय त्याचं," म्हणाले. म्हणजे हेही सामील. ठीक.

२० फेब्रुवारी

पंपवाल्याकडून माल परत आला. पंप चालू केले आणि काही दिवसांतच बंद. जोडणीतल्या तारा तुटलेल्या, दोन ठिकाणी प्लास्टिक करपलेलं.

आला! सूड चालत आला! वाटलं होतं त्यापेक्षा लवकरच.

२१ फेब्रुवारी

भाऊजींनी मावशीला बोल लावले. सगळ्यांसमोर. "वायर तिरकी धरता तुम्ही! यंत्रात दोष असता तर वहिनींना दिसला नसता? त्यांनी स्वतः तपासलंय!"

मावशी म्हणाली, "मी सरळच धरते हो." कुणी ऐकलं नाही. तिला यंत्रावरून उठवलं, झाडू हातात दिला.

मी तिथेच होते. डबा घेऊन.

बोलले नाही.

२३ फेब्रुवारी

मावशी येत नाही कामावर. अंग दुखतं म्हणून निरोप.

तिचं मी भरून देईन. प्रदर्शनात सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगेन — तिची काही चूक नव्हती. थोडे दिवस कळ सोस म्हणावं. पण हे तिला कसं सांगणार? सांगितलं की फुटलंच. आणि खरं म्हणजे तिच्यावर हे कुणी आणलं? भाऊजींनी. हेही त्यांच्याच खाती. मी नुसती गप्प बसले आहे. गप्प बसणं हा गुन्हा असता तर हे कधीच तुरुंगात गेले असते.

२ मार्च

मावशीच्या घरी गेले होते. एकच खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे. चहा केला तिने. मी यंत्राचा विषय काढला नाही, तिनेही नाही. निघताना म्हणाली, "तू तपासलंस म्हणजे यंत्र बरोबरच असणार गं. माझाच हात आता थरथरतो बहुतेक."

रस्ताभर स्वतःशी भांडत आले. चारदा ठरवलं, आजच सांगून टाकते. घरी आले तर खाली भाऊजी आरशासमोर भाषण पाठ करत होते. "उपस्थित मान्यवर..." उपस्थित मान्यवर! नवा कोट शिवलाय. मला बघून कागद मागे लपवला.

नाही सांगणार. आता दिवस तरी किती राहिलेत?

८ मार्च

भाऊजींचा हुकूम — वहिनी प्रदर्शनाला आल्याच पाहिजेत. आणि पुढच्या रांगेत बसायचं. आणि ठेवणीतलं नेसायचं. चोराने घरमालकाला जेवायला बोलवावं आणि वर म्हणावं, तुमचीच भांडी आहेत, बघून घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर.

"येईन की," म्हटलं. "मी नाही आले तर मजा कसली?"

हे पुन्हा हसले.

१२ मार्च

झालं. जसं ठरवलं होतं तसं, त्याहूनही सरस झालं. सगळं लिहिते, एक अक्षरही गाळणार नाही.

मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या. मंचावर एक सोलणी उघडी, चालू. तिच्यामागे बाकीची ओळीने, पांढऱ्या कापडांनी झाकलेली. नवऱ्या मुली जशा. भाऊजी कोटात घामाघूम. यंत्र चालवून दाखवलं. लोक टोपलीतून वायरी उचलून बघत होते, माना डोलवत होते. पंपवाला सुद्धा होता. मग भाऊजी माईकपाशी आले, कागद काढला, पुन्हा खिशात ठेवला. म्हणाले, "आता मी आमच्या वहिनींना वर बोलावतो."

मला! कुणा पाहुण्याला गुच्छ द्यायला हवी असेन, घरची बाई म्हणून. ह्यांनी मला कोपराने ढकललं, "जा, जा." इतके खूश की मला किळस आली.

गेले. गुच्छ नव्हता कुठेच. भाऊजी हसत माझ्या हातात कापडाचं टोक द्यायला लागले. मी ते घेतलं नाही. माईक घेतला.

 आवाज खणखणीत लागला. म्हटलं, "सगळ्यांना नखं आहेत ना? मग हातातल्या वायरीच्या उघड्या तारांवर एकदा नख फिरवा. आडवं नाही, लांबीने."

आधी कुणाला कळेना. मग पंपवाल्याने फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं. "अडकतंय," म्हणाला. मग शेजारच्याने. मग अख्खा हॉल नखं फिरवत बसला! मी सांगितलं — प्रत्येक तारेला चीर आहे, ही वायर महिनाभरात तुटणार, परत आलेल्या पंपांचं कारण हेच. हेही सांगितलं की शेडवरच्या मावशीला यासाठी झाडू हातात दिला गेला, तिचा काडीचा दोष नव्हता.

भाऊजींचा चेहरा! ज्यासाठी मी जीव टांगणीला लावून बसले होते तो चेहरा! आधी पांढरा. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं चिडतील, ओरडतील. तसं काही नाही. मान वळवून मागच्या झाकलेल्या ओळीकडे बघितलं.

पंपवाला उठून उभा राहिला. लालबुंद. "हे यंत्र बनवलं कुणी? मला नाव हवंय. ज्याचं नाव या यंत्राला असेल त्याचा माल माझ्या दारात परत येता कामा नये!"

पेपरवाला वही उघडून तयार.

भाऊजी म्हणाले, "मी."

आवाज बसला होता. पुन्हा म्हणाले, "मी बनवलं. एकट्याने. चूक माझी आहे, बाकी कुणाचीही नाही. नाव माझं लिहा."

घ्या! स्वतःच्या तोंडाने! फोटोत कोपर टेकवणाऱ्याने चारचौघांत कबूल केलं, 'माझं यंत्र, माझं!' आता घ्या ते नाव आणि मिरवा. लोक उठायला लागले. खुर्च्यांचा नुसता खडखडाट. मी पट्टी दाखवायला पर्स उघडली तोवर निम्मा हॉल रिकामा. कुणी थांबलंच नाही. पट्टी पर्समध्येच राहिली. राहू दे. पुढे कधीतरी.

ह्यांनी मात्र मजा घालवली. खुर्चीत बसूनच राहिले, दोन्ही हातांत डोकं धरून. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढच्या बाकावर जाऊन बसले. भावाची कड!  जाऊ तर माझ्याकडे अशी बघून गेली की मीच काही चोरलंय.

असू दे. मी जिंकले. मोठ्या अक्षरात लिहिते — जिंकले!

१३ मार्च

सकाळी शेडवर गेले. पट्टी बसवून यंत्र चालवून दाखवावं म्हटलं, मग रडू देत. यंत्रं परत येऊन भिंतीला लागली होती. कापडं कुणी काढलीच नव्हती. मी काढली.

प्रत्येकीच्या दर्शनी भागावर पितळी पाटी. तीवर माझं नाव. माहेरच्या आडनावासकट.

भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. माझ्याकडे न बघता पहिल्या पाटीशी उकिडवे बसले. "राहू द्या वहिनी," म्हणाले, "मी काढतो. कुणी बघायच्या आत निघालेल्या बऱ्या."